डॉक्टरची साठी आणि ९७ रिकाम्या जागा: बीबीसीला खुले पत्र

कल्याण,
२३ नोव्हेंबर २०२३, कार्तिकी एकादशी

प्रति,
बीबीसीचे संग्रहपाल आणि 'डॉक्टर हू'बद्दल निर्णय घेणारे सर्वजण,
लंडन आणि कार्डिफ

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीवर माझा जीव आहे तिच्याबद्दल मला मराठीतच नीट बोलता येतं. २०१७ पासून तुमची मराठी सेवा सुरू आहे. म्हणजे हे वाचून सांगणारं माणूस तुमच्याच संस्थेत आहे.

आमच्याकडे माणसानं साठी गाठली की साठीशांत करतात. पाटाभोवती रांगोळी, साठ दिव्यांचं तबक, लेकीसुनांनी केलेलं औक्षण. जेवणं आटोपली की कुणीतरी माळ्यावरची ट्रंक खाली काढतं आणि फोटो हातोहात फिरू लागतात. हा मुंजीतला, हा मॅट्रिकचा, हा पहिल्या नोकरीतला. ज्या वर्षांचे फोटो नसतात त्यांच्याबद्दल तर जास्तच बोलणं होतं. तेव्हा कॅमेरा नव्हता, ते पुरात गेले, ते मामांकडे राहिले आणि मामा गेल्यावर कुठे गेले कुणास ठाऊक.

आज तुमच्या डॉक्टरची, म्हणजे काळातून भटकणाऱ्या एका प्रवाशाच्या 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेची, साठी आहे. २३ नोव्हेंबर १९६३, शनिवार, संध्याकाळी पाच वाजून सोळा मिनिटांनी पहिला भाग सुरू झाला. आदल्याच दिवशी केनेडींचा खून झाला होता आणि जगाचं लक्ष डॅलसकडे होतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तुम्ही पहिला भाग पुन्हा दाखवलात. ज्यांचा चुकला होता त्यांच्यासाठी. त्या एका निर्णयाबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे आणि आजचं माझं मागणंही तेवढंच आहे: ज्यांचा चुकला त्यांच्यासाठी पुन्हा लावा.

साठीची ट्रंक उघडली की दिसतं काय? पहिल्या सहा वर्षांतल्या, म्हणजे डॉक्टरची भूमिका करणारे पहिले दोन नट, विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन, यांच्या काळातल्या २५३ भागांपैकी ९७ भागांचं चित्र जगात कुठेही असल्याचं माहीत नाही. आणि जो पहिला भाग शाबूत आहे तोही या वाढदिवसाला पाटावर नाही. या महिन्याच्या १ तारखेला तुम्ही आयप्लेअरवर, म्हणजे तुमच्या ऑनलाइन सेवेवर, ८०० हून जास्त भाग एका जागी आणलेत. फार मोठं काम केलंत. पण त्यात पहिल्या कथेचे चारही भाग नाहीत. लेखकाच्या वारसाशी हक्कांबाबत एकमत झालेलं नाही, एवढं सर्वांना कळलं आहे. त्यात कोण बरोबर हे मी कल्याणमध्ये बसून ठरवणार नाही. लेखकाचा हक्क खरा असतो आणि त्याचं मोल द्यावंच लागतं. पण ज्या दिवसाची साठी, तो दिवसच मुलांना बघता येत नाही, हे मला लागलं. एकत्र बसा आणि हे सोडवा.

मी कोण, हे सांगायला हवं. कल्याणमध्ये माझ्या वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते मी चालवते. दुरुस्तीची गिऱ्हाइकं कमी झाली, पण जुन्या कॅसेट आणि स्पूल संगणकावर उतरवून घेणारी वाढली. कुणाच्या वडिलांचं कीर्तन, कुणाच्या गुरूंनी दिलेली तालीम, कुणाच्या लग्नातले मंगलाष्टक. बुरशी आलेली टेप कशी पुसायची, चिकट झालेली टेप मंद आचेवर शेकून एकदा तरी वाजेल अशी कशी करायची, तुटलेली टेप कशी जोडायची, हे माझं रोजचं काम आहे. डॉक्टर माझ्याकडे आला तोही याच वाटेनं.

२००६ साली स्लाऊला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं एक डीव्हीडी संच आणला. त्यात सुरुवातीच्या तीन कथा होत्या. तुमच्याकडचा डीव्हीडीचा विभाग दोन, आमचा पाच, त्यामुळे घरच्या प्लेअरनं तो घेतलाच नाही. दुकानातला सगळ्या विभागांचा प्लेअर काढला, हेडफोन लावले आणि ते संगीत सुरू झालं.

त्यानंतर मी बराच वेळ पुढे गेलेच नाही. तीच सुरावट पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली ती धून डेलिया डर्बिशायर यांनी तुमच्या मेडा व्हेलच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये प्रत्यक्षात आणली. त्या वेळी त्यांच्याकडे आजच्यासारखा सिंथेसायझर नव्हता. एक तार छेडायची, तो आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलून स्वर वर-खाली न्यायचा, ऑसिलेटरची शीळ घ्यायची, मग प्रत्येक स्वराची टेप मोजून कापायची आणि एकापुढे एक चिकटवायची. अशा तयार झालेल्या टेप एकाच क्षणी सुरू करून त्यांचं मिश्रण करायचं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी ब्लेडनं टेप कापून जोडली आहे त्यालाच कळेल की त्या दोन-अडीच मिनिटांत किती जोड आहेत आणि किती संयम आहे. टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं निळ्या पेटीसारखं यान, निघतानाचा तो घोगरा, ओढल्यासारखा आवाजही तसाच जन्मला. ब्रायन हॉजसन यांनी आईच्या दाराची किल्ली पियानोच्या जाड तारांवर घासली होती. घरातली किल्ली आणि पियानो, त्यातून काळाच्या पलीकडे जाणारं यान! डेलियाबाईंचं नाव पडद्यावर यायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं, पन्नाशीच्या विशेष भागात. तोवर त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

त्याच संचात शेवटी एक तीस मिनिटांची चीज होती. 'मार्को पोलो' नावाच्या चौथ्या कथेचा सारांश. त्यात हलणारं चित्र नव्हतं. स्थिर फोटो एकामागून एक येत होते आणि मागे आवाज चालू होता. मला वाटलं, डिस्क अडकते आहे. पुसून पुन्हा लावली. मग मावसभावाला फोन केला तेव्हा कळलं की या कथेचे सातही भाग नष्ट झाले आहेत आणि उरलंय ते एवढंच.

असं का झालं, ते मी नंतर वाचून काढलं. त्या काळच्या दोन इंची व्हिडिओटेप फार महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरायच्या म्हणूनच विकत घेतल्या जात. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे कार्यक्रम वाटेल तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसे. घरोघरी रंगीत संच येऊ लागल्यावर कृष्णधवल भाग कोण विकत घेणार, असं तुमच्या लोकांना वाटलं. परदेशी विकायला पडद्यासमोर कॅमेरा लावून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या. विक्रीची मुदत संपली की त्याही कचऱ्यात गेल्या. १९७८ पर्यंत हे चालू होतं. त्या वर्षी एका चाहत्यानं धावपळ केली म्हणून डेलेकांच्या, म्हणजे डॉक्टरच्या कट्टर शत्रूंच्या, पहिल्या कथेचे, फेकण्यासाठी बाजूला काढलेले डबे वाचले. आज संध्याकाळी तुम्ही तीच कथा रंगवून दाखवणार आहात.

यात फक्त डॉक्टरचंच गेलं असंही नाही. आमच्या डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६१ साली तुमच्यासाठी जॉन एलियट यांच्याबरोबर एक विज्ञानमालिका लिहिली होती. सात भागांपैकी आज एकच पूर्ण सापडतो. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या माझ्या पिढीला त्या मालिकेबद्दल किती कुतूहल वाटतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

हे लिहिताना तुम्हाला दोष द्यावा असं माझ्या मनात नाही, कारण मीही पुसलेलं आहे.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. १९८६ च्या दिवाळीत वडिलांनी तिला समोर बसवून एका कॅसेटची एक बाजू भरून घेतली. पंचेचाळीस मिनिटं. आजी पुढच्या वर्षी गेली. त्याच्या पुढच्या मे महिन्यात, अकरा वर्षांची असताना, मी विविध भारतीवरची गाणी भरायला ड्रॉवरमधली हाताला लागेल ती कॅसेट घेतली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. वडिलांना आवाज ओळखायला लेबल लागायचं नाही, म्हणून त्यांनी लिहिलंच नव्हतं. गाणी संपल्यावर मी बटण बंद केलं. त्यापुढे टेपच्या शेवटाला आजीची दीड ओवी राहिली आहे. 'पहिली माझी ओवी' नव्हे, मधलीच कुठली तरी. ती ओवी मी आजवर किती वेळा ऐकली असेन, याचा हिशोब नाही. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॅसेटवर मी आधी लेबल लावते, मग हात लावते.

म्हणून टेपच्या शेवटाला उरलेलं काय असतं, ते मला कळतं. तुमच्याकडेही तसेच तुकडे उरले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरनं लहान मुलं घाबरतील म्हणून काही दृश्यं कापली आणि ते तुकडे कागदपत्रांबरोबर जपून ठेवले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ते सापडले. पूर्ण भाग गेले, भीतीचे क्षण उरले. हार्टनेलांचा डॉक्टर जमिनीवर पडतो आणि त्याच्या जागी ट्राउटनांचा चेहरा उमटतो, हे पहिलं रीजनरेशन, म्हणजे डॉक्टरनं नवं रूप घेणं, ज्याच्या जोरावर ही मालिका साठ वर्षं जगली. १९६६ चा तो भाग नाही. पण मुलांच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमात ती काही सेकंदं दाखवली होती, म्हणून तेवढी राहिली. साठ वर्षांच्या इमारतीचा कोनशिलेचा दगड दुसऱ्याच्या अंगणात सापडावा, तसं आहे हे.

आणि आवाज. ९७ च्या ९७ भागांचा आवाज आज आहे, तो प्रेक्षकांमुळे. १९६० च्या दशकातली ती शाळकरी मुलं. टीव्हीसमोर मायक्रोफोन धरायचा, घरातल्यांना गप्प बसवायचं आणि स्पूल फिरवायचा. एका मुलानं तर खोलीतला आवाज येऊ नये म्हणून संचाच्या आतून थेट वायर काढून रेकॉर्डरला जोडली. त्याची मुद्रणं सगळ्यात स्वच्छ आहेत. मी तेच काम करते, म्हणून सांगते: त्या वयात, त्या साधनांनी, एवढं स्वच्छ काम सोपं नाही. त्या मुलांना कुणी जतन करा असं सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त तो भाग पुन्हा ऐकायचा होता.

'मार्को पोलो'चे ते फोटो कुठून आले, ही गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. जॉन क्यूरा नावाचे एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत. आपण केलेलं काम पुन्हा बघायचा तोच एक मार्ग होता. 'मार्को पोलो'च्या दिग्दर्शकानं आपल्या सहा भागांचे असे फोटो घेतले आणि चाळीस-एक वर्षं घरी जपले. त्या दिग्दर्शकाचं नाव वारिस हुसेन. जन्म लखनौचा, १९३८ चा. आठव्या वर्षाच्या आत इंग्लंडला गेलेला मुलगा. त्याची आई, लेखिका अतिया हुसेन, तुमच्याच पूर्व सेवेत रेडिओवर बोलायची.

डॉक्टरचा पहिला भाग याच मुलानं चोविसाव्या वर्षी दिग्दर्शित केला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या होत्या. तुमच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी बाई निर्माती नव्हती. कॅनडाहून आलेले नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन, एक तरुण ज्यू बाई आणि लखनौचा एक तरुण. लाइम ग्रोव्हच्या जुन्या, अडचणीच्या स्टुडिओत, कुणाचा फारसा विश्वास नसताना या लोकांनी ते धुकं, तो कंदीलवाला पोलीस, ते भंगाराचं आवार आणि त्यात गुणगुणणारी निळी पेटी उभी केली. पहिला प्रयत्न न्यूमनना पटला नाही तेव्हा तोच भाग पुन्हा चित्रित केला. आमच्याकडे वारिस हुसेन हे नाव फार थोड्यांना माहीत आहे. मला मात्र अभिमान वाटतो. पुढे तुमच्या पन्नाशीच्या नाट्यचित्रात वारिस हुसेन यांची भूमिका सचा धवन यांनी केली आणि नंतर तेच मालिकेत डॉक्टरचे जन्माचे वैरी, मास्टर झाले, तेव्हा एक वर्तुळ माझ्यापुरतं पूर्ण झालं.

आता अम्मांबद्दल सांगते. या पत्राचं खरं कारण त्या आहेत.

कल्याणला लागून उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना लष्कराच्या रिकाम्या बराकींत ठेवलं, त्या छावणीचं हे शहर झालं. अम्मा सात वर्षांच्या असताना कराचीहून जहाजानं मुंबईला आल्या आणि तिथून कल्याण कॅम्पात. त्या माझ्याकडे प्रथम आल्या त्या यजमानांच्या 'भगत' गायनाच्या कॅसेट घेऊन. सिंधी भगत म्हणजे गाणं, नाच, गोष्ट, सगळं एकत्र. कॅसेट उतरेपर्यंत त्या रोज दुपारी येऊन बसायच्या, आणि काम संपल्यावरही यायच्या राहिल्या नाहीत.

२०१९ च्या दिवाळीत मावसभावानं नव्या मालिकेची डीव्हीडी आणली. त्यात विनय पटेल यांनी लिहिलेला फाळणीचा भाग होता. डॉक्टरबरोबर फिरणारी यास्मिन आपल्या नानीचं तरुणपण बघायला १९४७ च्या पंजाबात जाते. नानी मुसलमान, तिचा होणारा नवरा प्रेम हिंदू. सीमारेषा त्यांच्या शेतातून जाणार आहे. आणि त्यांच्या मागे परग्रहावरचे दोघे लागले आहेत, सर्वांना वाटतं हे मारेकरी आहेत. एके काळी ते होतेही. पण त्यांचा ग्रह नष्ट झाला तेव्हा ते तिथे नव्हते, त्यांच्या माणसांसाठी कुणी रडलं नाही. तेव्हापासून त्यांनी एकच व्रत घेतलं आहे: जे एकटे मरतात, ज्यांची कुणी नोंद ठेवत नाही, त्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहायचं.

अम्मांना इंग्रजी येत नाही. मी भाग थांबवत थांबवत हिंदीत सांगत होते. प्रेमला गोळी लागते आणि ते दोघे समोर उभे राहतात, तिथे मी पुन्हा थांबवलं. अम्मा म्हणाल्या, "बंद मत कर." मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचे चाचा शिकारपूरच्या घराला कुलूप लावायला म्हणून मागे राहिले होते, ते आलेच नाहीत. कुठे गेले, कसे गेले, कुणाला माहीत नाही. सत्तर वर्षांत त्यांच्या घरी त्यावर कुणी बोलत नव्हतं. अम्मा मला म्हणाल्या, "किसी ने तो देखा होगा ना उनको?"

मी काय उत्तर देणार? मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तुम्ही १९६३ मध्ये मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायला एक मालिका काढलीत. पंचावन्न वर्षांनी, उल्हासनगरच्या एका म्हाताऱ्या बाईला तिच्या मनातला प्रश्न पहिल्यांदा तोंडून काढता आला, तो त्या मालिकेमुळे. साक्षीला उभं राहणं म्हणजे काय, ते तुमच्या लेखकानं आम्हाला दाखवलं. म्हणून मी तुमच्याकडे त्याच शब्दात मागते आहे. तुमच्या हरवलेल्या भागांना साक्ष द्या.

ते कसं, हे मी एक कामकरी बाई म्हणून सांगते.

पहिली गोष्ट माणसांची आहे. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस गावच्या एका प्रक्षेपण केंद्राच्या खोलीत फिल्मचे डबे सापडले आणि नऊ हरवलेले भाग परत आले. त्याआधी हाँगकाँगहून 'टूम ऑफ द सायबरमेन' पूर्ण कथा आली, न्यूझीलंडहून एक भाग आला, लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरातून दोन आले. गेल्या दहा वर्षांत काहीच आलेलं नाही. उरलेले भाग असतीलच तर ते कुणा वयस्क माणसाच्या कपाटात असतील. कधी काळी कचऱ्यातून उचललेले, कधी जत्रेत विकत घेतलेले. आपल्यावर चोरीचा आळ येईल, डबा काढून घेतील, असं त्या माणसाला वाटत असेल. माझ्या दुकानातही असे लोक येतात. एखादा बुवा दुर्मीळ मैफिलीची टेप पिशवीतून अर्धी बाहेर काढतो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा आत ठेवतो. चार वेळा चहा होतो तेव्हा ती टेप टेबलावर येते. तुम्ही साध्या शब्दांत, लेखी, जगासमोर सांगा: जो कुणी फिल्म आणेल त्याच्यावर कारवाई होणार नाही, आम्ही प्रत करून मूळ डबा त्याला परत देऊ, आणि त्याची इच्छा असेल तर नाव कुठेही येणार नाही. हे आजच सांगा. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला एकदा व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला की ती आकसते, वाकते, आणि मग माझ्यासारख्या कुणाच्याही हातात काही उरत नाही. ती माणसंही आता ऐंशीच्या घरात असतील. त्यांच्यामागे घर आवरणाऱ्या मुलांना तो गंजका डबा म्हणजे काय, ते कसं कळावं?

दुसरी गोष्ट, जे उरलं आहे ते उघडं करा. ९७ भागांचा आवाज तुम्ही निवेदन जोडून विकलात, काही कथांची अ‍ॅनिमेशनं केलीत. त्यासाठी धन्यवाद, 'द पॉवर ऑफ द डेलेक्स'चं अ‍ॅनिमेशन मी तीनदा पाहिलं आहे. पण सगळं एका जागी नाही, आणि आयप्लेअर ब्रिटनच्या बाहेर उघडत नाही. आवाज, क्यूरांचे फोटो, सेन्सॉरचे तुकडे, चित्रीकरणाच्या संहिता, हे सगळं भागवार लावून एका जागी ठेवा, कुठूनही बघता येईल असं. ज्या देशांना तुम्ही एकेकाळी फिल्मच्या प्रती पाठवल्यात त्याच देशांतून त्या परत आल्या. डॉक्टर कधी एका बेटाचा नव्हता. तो साठ वर्षं जगला, कारण त्याची फिल्म बोटीतून आणि विमानातून भलत्याच गावांत गेली आणि तिथल्या कुणीतरी ती फेकली नाही.

तुमच्या तंत्रज्ञांवर माझा फार विश्वास आहे, म्हणूनही हे मागते. रंगीत टेप पुसल्या गेलेल्या काही भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या. त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायची, दोष म्हणून. तुमच्याच माणसांनी आणि चाहत्यांनी मिळून ओळखलं की ते ठिपके म्हणजे मूळ रंगाच्या संकेताची खूण आहे, आणि त्यातून खरा रंग परत काढला. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीच्या ओवीवर मी भरलेल्या गाण्यांच्या खाली काही उरलं असेल का, हे तपासायला मी पहाटे उठून ती कॅसेट पुन्हा लावली. नव्हतं. ध्वनीचं तसं नसतं. पण ज्यांच्याकडे असं डोकं आणि अशी चिकाटी आहे, त्यांना ही एक जागा उभी करणं अवघड नाही.

तिसरं मागणं छोटं आहे. सबटायटल्स. तुम्ही चाळीसहून जास्त भाषांत बातम्या देता. त्यातल्या प्रत्येक भाषेत कुणीतरी अम्मा आहे. मराठीचं काम मी करून देईन, पैसे नकोत. इंग्रजी संहिता पाठवा, मी, माझा मावसभाऊ आणि आमच्या ओळखीतली दोन-तीन मुलं बसून करू. हिंदीचं अम्मांची नात करायला तयार आहे.

आज रात्री आमच्याकडे दहा वाजून सेहेचाळीस मिनिटं होतील तेव्हा तुमच्याकडे सव्वापाच वाजून गेलेले असतील. त्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही पहिला भाग लावणार आहोत. अम्मा आता ८३ वर्षांच्या आहेत, त्यांना इतक्या रात्री येऊ नका म्हटलं तरी त्या येणार आहेत. एकादशीचा उपास असल्यामुळे साबुदाण्याची खिचडी केली आहे. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या मोजल्या, एकेचाळीस निघाल्या. समोरच्या काकूंकडून एकोणीस आणल्या. साठही तेल घालून फळीवर मांडून ठेवल्या आहेत.

आणि तुमच्या परवानगीची वाट न बघता एक काम मी सुरू केलं आहे. 'मार्को पोलो'च्या पहिल्या भागाचे मराठी संवाद आवाज ऐकून ऐकून लिहून झाले. पामीरचं बर्फ, बंद पडलेली टार्डिस, थंडीनं काकडलेली चार माणसं आणि त्यांना गरम रस्सा देणारा मार्को. दुसऱ्या भागात कुब्लाई खानाकडे निघालेला तांडा गोबीच्या वाळवंटात शिरतो, आणि वादळ उठल्यावर तिथली वाळू गाऊ लागते. तिथवर मी उद्या पोचेन.

आपली,
कल्याणची एक टेपवाली